भिंत अर्धीच बरी

गेल्या आठवडे बाजारात मी मेथीच्या जुड्या निवडत होते, तेवढ्यात पाठीमागून हाक आली, "ओ पाणीवाल्या ताई!"

मी वळले. या नावानं मला हाक मारणाऱ्या बायका गावात तीस-पस्तीसच असतील. हाक मारणारी होती मशीनवाली. तिचं खरं नाव मला ठाऊक आहे, पण आमच्यात नावं चालत नाहीत. भिंतीवर जिनं जे काढलं, ते तिचं नाव. मी नदीचं पाणी रंगवलं म्हणून पाणीवाली. हिनं शिलाई मशीन काढलं म्हणून मशीनवाली. कुणी म्हशीवाल्या काकू, कुणी होडीवाली. पोस्टाजवळ राहणाऱ्या, शाळेतून निवृत्त झालेल्या एक बाई चुलीवाल्या आजी झाल्या आहेत. आयुष्यभर 'बाई, बाई' ऐकलेल्या त्या माउलीला हे नाव मनापासून आवडलंय.

मशीनवालीनं हातातली पिशवी खाली ठेवली आणि विचारलं, "आपली भिंत पुसणार म्हणं?"

ऐकलं मीही होतं. पण भर बाजारात, मेथीची जुडी हातात धरून ते ऐकताना पोटात कसंसंच झालं. मग आम्ही दोघी तिथंच उभ्या राहिलो. पाच मिनिटांत म्हशीवाल्या काकू येऊन मिळाल्या. भाजीवाली मावशी म्हणाली, "अगं बायांनो, जरा बाजूला सरका की, गिऱ्हाईक येतंय." आम्ही सरकलो, पण गेलो नाही.

मैत्रिणींनो, ही भिंतीची हकिकत आज तुम्हाला सांगायची आहे. कारण अशी एखादी भिंत तुमच्याही गावात असणार.

आमचं गाव कृष्णाकाठचं, तालुक्याचं. एसटी स्टँडकडून मंडईकडे वळताना डाव्या हाताला एक जुनं गोदाम आहे. त्याची रस्त्याकडची भिंत चांगली दीडशे फूट लांब. पूर्वी ही भिंत म्हणजे गावाची लाज होती. वडापच्या जीपा तिथं लागायच्या आणि पुरुषमंडळी भिंतीकडे तोंड करून उभी राहायची. आम्ही बायका पदर नाकाला लावून, मान खाली घालून, समोरच्या कडेनं झपाझप निघून जायचो. शाळेच्या मुली तर मागच्या गल्लीनं वळसा घालायच्या. आणि या सगळ्याचं कुणाला काही वाटत नव्हतं, हे जास्त वाईट.

२०१९ च्या ऑगस्टमधल्या महापुरात गोदाम बुडालं. पाणी ओसरलं तेव्हा भिंतीवर माणसाच्या डोक्याच्याही वर, हातभर उंचीवर, गाळाची एक सरळ रेघ राहिली. तिच्या खाली २००५ च्या पुराची पुसट रेघ होतीच. २०२१ ला पाणी पुन्हा चढायला लागलं, तेव्हा लोक त्या रेघांकडे बघून कुणी काय हलवायचं ते ठरवत होते. सरकारी आकड्यांपेक्षा त्या भिंतीवर आमचा विश्वास.

२०२३ च्या दिवाळीनंतर बचत गटाच्या बैठकीत एकीनं विषय काढला, "आपण एवढ्या रांगोळ्या काढतो, त्या भिंतीचं काही करता येईल का?" पहिलं उत्तर आलं ते तुमच्याही मनात आलं असेल. देवांच्या फरशा लावा. देवाचा फोटो दिसला की कुणी तिथं घाण करत नाही. दुसरी म्हणाली, जिजाऊंचं चित्र काढू, सावित्रीबाईंचं काढू. मला हे दोन्ही पटेना. ज्यांच्यापुढं आपण हात जोडतो, त्यांना मुतारीच्या राखणीला बसवायचं? आणि समजा एखाद्यानं नाहीच जुमानलं, तर अपमान कुणाचा होणार, आणि त्यावरून गावात काय काय होऊ शकतं, हे सांगायला नको. बराच वाद झाला. शेवटी म्हशीवाल्या काकूंनी (तेव्हा त्या म्हशीवाल्या नव्हत्या) निकाल दिला, "आपल्याला जे रोज दिसतं ते काढूया. मला म्हशी काढायच्यात."

गोदामाच्या मालकांनी परवानगी दिली. एका हार्डवेअरवाल्या भाऊंनी प्रायमर आणि ब्रश दिले, रंगाला आम्ही वर्गणी काढली. शाळेतले चित्रकलेचे सर मदतीला आले. त्यांनी सांगितलं, कागदावर चित्र काढा, त्यावर चौकोन आखा, तेवढेच मोठे चौकोन भिंतीवर आखा आणि एकेक चौकोन उतरवा. आम्ही एकमेकींची तोंडं बघायला लागलो. तेवढ्यात मागनं कुणीतरी म्हणालं, "सर, ठिपके द्या की. पंधरा बाय पंधराची रांगोळी आम्ही झोपेत काढतो." सरांनी कपाळाला हात लावला आणि हसले. मग गवंड्याकडून सूत आणलं, नीळ लावली, भिंतीवर मारलं आणि रेघा जिथं एकमेकींना छेदतात तिथं तिथं खडूनं ठिपका. दीडशे फूट भिंतीवर ठिपकेच ठिपके. त्या दिवशी रस्त्यानं जाणारी प्रत्येक बाई थांबली. कारण तिलाही ते वाचता येत होतं! चित्रकला येत नाही म्हणणाऱ्या बायकांना ठिपके जोडता येतात, हे आमच्या लक्षातच आलं नव्हतं.

त्याआधी आठ दिवस नुसतं खरवडणं चाललं होतं. पोपडे निघता निघेनात. खालच्या दोन फुटांत ओल, तिथं रंग धरतच नाही. (तो अजूनही धरत नाही. त्याचं पुढं सांगते.)

सगळ्यात जास्त बोलणं झालं ते होडीवरून. महापुराची रेघ ठेवायची, तिला पांढऱ्या रंगानं उजळायचं, एवढं ठरलं. पण होडी काढायची का? २०१९ ला पुरातून माणसं बाहेर काढताना ब्रह्मनाळला होडी उलटली आणि त्यात माणसं गेली. आमच्या या पट्ट्यात ते कुणी विसरलेलं नाही. एक बाई हळूच म्हणाली, "होडी नको गं. बघवणार नाही." सगळ्या गप्प झाल्या. मग खालच्या आळीतली एक तरुण मुलगी, कडेवर लेकरू घेतलेली, पुढं आली. म्हणाली, "हे माझ्या पोटात होतं तेव्हा मला होडीतनंच काढलं. मी काढणार होडी." तिनं काढली. होडीतल्या माणसांना तिनं चेहरे दिले नाहीत, फक्त हात दिले. एकमेकांचे धरलेले हात. 'होडी नको' म्हणणारी बाई दुसऱ्या दिवशी तिच्याशेजारी बसून होडीखालचं पाणी माझ्याबरोबर रंगवत होती. दोघी काय बोलल्या मला माहीत नाही. मी मुद्दाम लांब सरकले होते.

भिंतीला एकूण तेवीस दिवस लागले. दुपारी तीनला, घरची झाकपाक करून आम्ही यायचो आणि दिवेलागणीला परत. आता मला जे म्हणायचंय ते या तेवीस दिवसांबद्दलचं आहे. चित्र चांगलं झालंय का, मला सांगता येणार नाही. म्हशींचे पाय सगळे एकाच बाजूला आहेत. पण तेवीस दिवस आम्ही तीस-पस्तीस बायका भर रस्त्यात उभ्या होतो, आणि "इथं काय करता?" असं आम्हाला कुणी विचारलं नाही.

बघा ना, पुरुषांना गावात उभं राहायला किती जागा आहेत! पार आहे, कट्टा आहे, चहाची टपरी आहे, पानाचं दुकान आहे. सलूनमध्ये तर दाढी न करताही तासभर पेपर वाचत बसता येतं. बाईला कुठं आहे अशी जागा? बाई रस्त्यावर दिसली की ती कुठून तरी निघालेली असते आणि कुठं तरी चाललेली असते. हातात पिशवी पाहिजे, डबा पाहिजे, नाहीतर मुलाचं बोट तरी पाहिजे. नुसतीच उभी असेल तर बघणारे बघतात. शिल्पा फडके, समीरा खान आणि शिल्पा रानडे यांचं 'व्हाय लॉइटर' नावाचं इंग्रजी पुस्तक २०११ मध्ये आलं. मुंबईतल्या बायकांचा अभ्यास आहे तो. सार्वजनिक ठिकाणी बाईला सतत दाखवावं लागतं की मी इथं कामाला आलेय, उगीच उभी नाही, असं त्यात मांडलंय. मला वाचताना वाटलं, मुंबईत ही कथा, मग आमच्या तालुक्याला काय! मुंबईत निदान कुणी ओळखत तरी नाही. इथं मी चौकात पाच मिनिटं थांबले, तर मी घरी पोचायच्या आत सासूबाईंना कळलेलं असतं.

पूर्वी असं नव्हतं असं मी म्हणणार नाही. पूर्वीचं सगळं गोड म्हणायची सवय मला नाही. पण पूर्वी निदान नदीचा घाट होता. धुणं घेऊन गेलं की तासभर कुणी विचारत नव्हतं. विहीर होती, सार्वजनिक नळ होता. तिथं भांडणं व्हायची, हंडे आपटायचे, आणि कुठल्या घाटावर कुणी धुवायचं, कुठल्या विहिरीला कुणी हात लावायचा नाही, याचे नियमही होते. ते परत यावेत असं कुणी म्हणू नये. घरोघरी नळ आला, फार चांगलं झालं. डोक्यावरचा हंडा उतरला. पण हंड्याबरोबर बाहेर पडायचं निमित्तही गेलं, आणि त्याच्या जागी दुसरं काही आलं नाही. आता स्कूटीवरून भुर्रकन जायचं, तोंडाला स्कार्फ. शेजारून सख्खी बहीण गेली तरी कळायचं नाही.

तुम्ही म्हणाल, हळदीकुंकू असतं, भिशी असते, महिला मंडळ असतं. असतं ना. मीच कितीतरी वर्षं भरवत आलेय. पण हळदीकुंकवाला कोण येतं? जिला आपण बोलावतो ती. आणि आपण बोलावतो कुणाला? आपल्या गल्लीतली, आपल्या नात्यातली, आपल्यासारखी. खालच्या आळीतली येत नाही. शेजारच्या मोहल्ल्यातली भाभी येत नाही. विधवा बाईला तर आपण आपणच ठरवलेलं असतं की बोलावायचं नाही. शेजारच्या शिरोळ तालुक्यातल्या हेरवाडनं २०२२ मध्ये ग्रामसभेत ठराव करून विधवा प्रथा बंद केल्या, त्याचं आम्ही टाळ्या वाजवून कौतुक केलं. पुढच्या संक्रांतीला आमच्या यादीत किती नवी नावं आली? मी माझ्यापुरतं सांगते, दोन. ती दोन्हीही नात्यातली.

भिंतीला यादी नव्हती. रस्त्यावरची भिंत, तिथं कोण आमंत्रण देणार? ज्या जात होत्या त्या थांबल्या, ज्या थांबल्या त्यातल्या काहींनी ब्रश मागितला. बांगड्यांचा गाडा लावणाऱ्या भाभींनी गाडा भिंतीच्या कडेलाच आणला आणि गिऱ्हाईक नसेल तेव्हा मोर रंगवला. मोराचा निळा आणि माझ्या पाण्याचा निळा एकाच डब्यातला. आमची घरं दोन गल्ल्या सोडून आहेत. एकोणीस वर्षं मी त्यांच्याकडून बांगड्या भरत होते. त्यांना चार मुली आहेत, थोरली नर्सिंगला आहे, त्यांना दम्याचा त्रास आहे, हे मला एकोणीस वर्षांत माहीत नव्हतं आणि चार दुपारींत माहीत झालं. लाज वाटली मला. हात धरून बांगड्या भरून घ्यायच्या आणि त्या हाताचं कुणी विचारायचं नाही!

मशीनवालीची गोष्ट तर माझा कानच धरणारी आहे. तिचा नवरा जाऊन सहा वर्षं झालेली. ब्लाऊज शिवून घर चालवायची. संजय गांधी निराधार योजनेतून आपल्याला पैसे मिळू शकतात, हे तिला माहीत नव्हतं असं नाही. कुणीतरी सांगितलं होतं, 'तुझं बसत नाही त्यात.' तिनं ते खरं धरलं. आता गंमत बघा. मी समाजकार्य करते म्हणवते. या योजनेची माहितीपत्रकं माझ्या कपाटात गठ्ठ्यानं पडलेली. शिबिरात मी ती वाटते. पण मशीनवाली शिबिराला कशी येणार? दुपारी तिला शिवणकाम. आणि शिबिरात आली असती तरी चार लोकांत उठून 'मला पैशाची अडचण आहे' असं ती बोलली नसती. भिंतीपाशी स्टुलावर बसून मशीनचं चाक रंगवताना ती शेजारच्या बाईशी सहज बोलली. शेजारची बाई होती चुलीवाल्या आजींची सून, तिची बहीण हीच पेन्शन घेत होती. तिनं तिथल्या तिथं सांगितलं, उत्पन्नाचा दाखला काढ, मृत्यूचा दाखला जोड, रेशनकार्डाची झेरॉक्स दे, तहसीलमध्ये अमक्या खिडकीला जा. दुसऱ्या दिवशी दोघी बरोबर गेल्या. थोडे हेलपाटे झाले, पण काम झालं. मला हे कळलं तेव्हा मशीनवालीच्या खात्यात पहिला हप्ता जमा झाला होता. माझी माहितीपत्रकं अजून कपाटात आहेत.

जवळच्या मैत्रिणीला जे माहीत असतं ते बहुतेक आपल्यालाही माहीत असतं. नवीन काही कळायचं असेल तर ते अर्धवट ओळखीच्या बाईकडूनच कळतं. आणि अर्धवट ओळखीची बाई घरी येत नाही, फोन करत नाही. ती फक्त वाटेत भेटते. वाटेत भेटायला मात्र दोघींना थांबता आलं पाहिजे.

हे झालं चांगलं चांगलं. आता खरं सांगते. चोविसाव्या दिवशी आम्ही नारळ फोडला, पेढे वाटले, फोटो काढले. नगरसेवक आले, भाषण झालं. आणि पंचविसाव्या दिवसापासून भिंतीपाशी कुणी नाही! चित्र तिथंच होतं. भिंत स्वच्छ होती, पुरुषांची ती घाण बऱ्यापैकी बंद झाली होती, शाळेच्या मुली सरळ रस्त्यानं जायला लागल्या होत्या. हे काही कमी नव्हे. पण आम्ही मात्र पुन्हा पिशवी घेऊन झपाझप चालायला लागलो. जाता जाता एकमेकींना हात करायचा, एवढंच. मला तेव्हा उमगलं की आम्हाला चित्रानं भेटवलं नव्हतं, चित्र काढण्यानं भेटवलं होतं. काम संपलं, निमित्त संपलं.

खरं तर आपल्या आज्या-पणज्यांना हे आपल्यापेक्षा जास्त कळत होतं. दारची रांगोळी सकाळी काढायची, दुसऱ्या दिवशी सड्यात पुसायची, परत काढायची. वारली समाजात लग्नाचा चौक घराच्या भिंतीवर लिहितात, सारवलेल्या भिंतीवर तांदळाच्या पिठानं. परंपरेनं हे काम सुवासिनींचं. लग्न आलं की बायका जमणार आणि चौक नव्यानं लिहिणार. तिकडे बिहारात मिथिलेत नवरानवरीच्या खोलीत 'कोहबर' काढतात, तोही घरातल्या बायकांनी एकत्र बसून. टिकाऊ रंगाचा विचार यातल्या कुणी केलाच नाही. पुन्हा काढायला लागणार, हे धरूनच चाललेलं. (चौक लिहिण्यात विधवा नसायची, हेही त्यातलंच. ते उचलायचं कारण नाही.)

या दोन्ही भिंतींना जोडणारा एक मराठी माणूस आहे, हे वाचून मला फार आनंद झाला होता. चित्रकार भास्कर कुलकर्णी. १९६६-६७ च्या दुष्काळात बिहारमधल्या बायकांच्या हाताला काम मिळावं म्हणून पुपुल जयकरांनी त्यांना मिथिलेत पाठवलं. भिंतीवर काढता ते कागदावर काढा, असं त्यांनी बायकांना सांगितलं. पुढं ते आपल्या डहाणूकडे वारल्यांच्या पाड्यांवर आले. कागदावर आलेल्या चित्रानं त्या बायकांच्या हाती पैसा आला, नाव आलं. जगदंबा देवींना १९७५ मध्ये पद्मश्री मिळाली. वारली चित्रांत जिव्या सोमा मशे यांना ती २०११ मध्ये मिळाली. बायकांच्या कलेत सगळ्यात मोठं नाव पुरुषाचं झालं, ही एक खोच आहेच, पण मशे यांचा हातच तसा होता. असो.

पैशाचा विषय निघालाच आहे तर बोलते. २०१७ मध्ये मधुबनीच्या रेल्वे स्टेशनच्या भिंती दोनशेहून जास्त कलाकारांनी रंगवल्या. त्यात बायका मोठ्या संख्येनं होत्या, आणि ते काम श्रमदानातून झालं. पुढच्या वर्षी रेल्वेच्या सुशोभीकरण स्पर्धेत मधुबनीला दुसरा नंबर मिळाला. पहिला आपल्या बल्लारशा आणि चंद्रपूरला. कौतुकच आहे. पण बायकांनी केलं की ते श्रमदान, सेवा, आणि तेच काम ठेकेदारानं केलं की चौरस फुटाला दर, हे कुठलं गणित?

आमच्या भिंतीचं नेमकं तेच होऊ घातलंय. नगरपालिकेनं रस्त्याकडच्या भिंती एकसारख्या रंगवायचा ठेका काढलाय म्हणे. वर निळा पट्टा, खाली स्वच्छतेची घोषवाक्यं, मध्ये झाड, कचऱ्याचे दोन डबे. तुम्हीही पाहिली असतील अशी चित्रं, या गावात पाहा नाहीतर त्या गावात, तेच झाड आणि तेच डबे. ठेकेदाराची मुलं परगावाहून येतात, बिचारी उन्हातान्हात दोन दिवसांत भिंत संपवून जातात. त्यांचा काही दोष नाही. त्यांचं काम आमच्यापेक्षा सुबक असतं. म्हशींचे पाय तरी नीट असतील! पण त्या दोन दिवसांत गावातली एक बाई दुसरीला भेटत नाही. आणि पुराची रेघ त्या निळ्या पट्ट्याखाली जाणार. ती गेली तर पुढच्या पुरात नवी सून कुठं बघणार?

आमच्यावर आक्षेप आहेत, ते मला माहीत आहेत. तुमचं चित्र खालून सोलवटलंय. खरं आहे. ओल आहे तिथं पहिल्या पावसाळ्यातच रंग सुटला. भाभींच्या मोराचे पाय गेले, माझं अर्धं पाणी गेलं. चित्रात गावातल्या थोर माणसांपैकी कुणी नाही. तेही खरं. आणि आमच्याच घरांतून येणारा आक्षेप, "एकदा केलंत, हौस झाली, आता परत रस्त्यावर काय उभं राहायचं?" माझ्या घरातही हे बोललं गेलं. मी भांडले नाही. एवढंच म्हटलं, "तुम्ही रोज संध्याकाळी कट्ट्यावर जाता, तिथलं काम अजून संपलं नाही होय?" त्या दिवशी जेवताना कुणी बोललं नाही. दुसऱ्या दिवशी स्टूल मात्र माळ्यावरून खाली काढून ठेवलेलं दिसलं.

आमचं मागणं काही मोठं नाही. ठेक्यातून ही एक भिंत वगळा. ठेकेदाराला जो दर देणार तो दर धरून रंगाचे आणि हातखर्चाचे पैसे बचत गटाच्या खात्यावर द्या. दरवर्षी दिवाळीनंतर आम्ही भिंतीचा एक तुकडा नव्यानं रंगवू. सगळी एकदम नाही. एक तुकडा, वेगळ्या बायका, वेगळं चित्र. पुराची रेघ तेवढी कायम. गोदामवाल्यांची हरकत नाही. आणि भिंतीसमोर, जीपा लागतात तिथं, दोन बाकडी टाका. बाकड्यांवर 'सौजन्य' म्हणून ज्याचं त्याचं नाव घातलं तरी चालेल. पण ती भिंतीकडे तोंड करून नको, रस्त्याकडे तोंड करून टाका. भिंत आम्ही पाहिलेली आहे. आम्हाला येणारी-जाणारी माणसं बघायची आहेत.

अर्ज दिलाय. सही करायला एकेकीच्या घरी जावं लागेल असं वाटलं होतं. पण त्या दिवशी बाजारात मेथीवालीच्या पुढ्यातच सतरा सह्या झाल्या. कागद मशीनवालीच्या पाठीवर ठेवून. मेथीवाली मावशी आधी कुरकुरत होती, मग म्हणाली, "मला अंगठा दिला तर चालतोय का?" तिनं भिंतीला हातही लावलेला नव्हता तेव्हा. मी म्हटलं, चालतोय की. तर म्हणाली, "मग मला बी काहीतरी काढू द्या. मेथी काढते मी. सोपी असती."

नगरपालिकेचा निर्णय काय व्हायचा तो होवो, खालचा सोलवटलेला भाग तसा ठेवून चालणार नाही. या रविवारी दुपारी तीनला आम्ही पोपडे खरवडायला जमतोय. ओलीचं काय करायचं ते विचारायला भाभी एका गवंड्याला आणणार आहेत. उलथनी, पत्र्याचे तुकडे, जुने ब्रश, जे असेल ते घेऊन यायचंय. मशीनवालीचा निरोप आहे की स्टुलं कमी पडतात.